समुद्री बॅक्टेरियाचं सिरम पिंपल्सवर खरंच चालतं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लेक १९ वर्षांची, भांडुपहून रोज लोकलने कॉलेजला जाते. गालांवर, हनुवटीवर आणि पाठीवर मोठे लाल पिंपल्स. क्लिंडामायसिन जेलने आधी छान गुण आला, मग ढिम्म. स्किनच्या डॉक्टर म्हणाल्या, मुरुमांतले जंतू या औषधाला दाद देईनासे होतात, नुसतं अँटिबायोटिक लावत राहू नका. आता जंतू मारणारं बेंझॉइल पेरॉक्साइड आणि रात्री लावायला अडापलीन (रोमछिद्रं मोकळी ठेवणारं औषध) दिलंय. पण गालांची सालं निघताहेत, त्यामुळे बाईसाहेब वैतागल्या आहेत.

त्यात तिला इन्स्टावर ‘समुद्री बॅक्टेरियायुक्त’ सिरम सापडलंय. महागडं. बाटलीवर ‘अल्टेरोमोनास फरमेंट एक्स्ट्रॅक्ट’ लिहिलंय. मी थोडं वाचलं. स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक १९४३ साली मातीतल्या बॅक्टेरियातून मिळालं, तसं आता समुद्रतळाच्या गाळातही शोध चालू आहे. सॅलिनिस्पोरा नावाच्या, वाढायला समुद्राचंच पाणी लागणाऱ्या बॅक्टेरियातून निघालेल्या औषधाच्या कॅन्सरच्या पेशंटवर चाचण्याही झाल्या. म्हणजे कल्पना थापेबाजीची नाही. पण पिंपल्सपर्यंत ती पोचली आहे का?

(सासूबाई म्हणतात, दादर चौपाटीच्या खाऱ्या पाण्याने तोंड धू. शहराचं सांडपाणी कुठे जातं हे त्यांना सांगायची माझी टाप नाही.)

कुणी वापरलंय का? अडापलीनसोबत चालेल? आणि सालं निघणं कमी कसं करायचं?

परळची_फार्मासिस्ट: ताई, अल्टेरोमोनास खरोखर समुद्रातला आहे, पण त्याचा अर्क कॉस्मेटिकमध्ये घालतात तो त्वचा मऊ राहावी म्हणून. पिंपल्सचं औषध नाही ते. मुरुमांचे जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत मेले म्हणजे क्रीम तयार झालं असं नसतं, मधे माणसांवरच्या चाचण्या असतात. पैसे वाचवा.

अडापलीन मटारच्या दाण्याएवढंच, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर. आधी साधं मॉइश्चरायझर, आणि डॉक्टरांना विचारून सुरुवातीला एक दिवसाआड. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. दिवसा सनस्क्रीन.

धागाकर्ती: खूप आभार! सिरम कार्टमधून काढायला लावलं, फुरंगटली आहे. पाठीचं काय? तिथे हात पोचत नाही.

परळची_फार्मासिस्ट: बेंझॉइल पेरॉक्साइडचा वॉश मिळतो, डॉक्टरांना विचारा. अंघोळीत काही मिनिटं लावून धुवायचा. टॉवेल मात्र जुना पांढरा वापरा, रंगीत असेल तर डाग पडून विटेल.