इंग्रजी शब्द पाठ करून घ्यायचे की फोडून शिकवायचे?

जिंतूरकर_गुरुजी (धागाकर्ते)

परभणी जिल्ह्यात आठवी-नववीला इंग्रजी शिकवतो. आमच्याकडे शब्द शिकवायची रीत ठरलेली आहे: रोज दहा शब्द, स्पेलिंग आणि अर्थ, उद्या म्हणून दाखवा. पोरं घोकून येतात आणि पंधरा दिवसांत विसरतात. माझं ठाम मत आहे की आठवीपासून शब्द फोडून शिकवावेत. ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणं, हा लॅटिन धातू एकदा फळ्यावर लिहिला की इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टेबल आणि स्टेशनावरचा पोर्टर, सगळे एकाच घरचे निघतात.

नकाराचंही तसंच. इनकरेक्ट, इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर ही चार रूपं पोरं वेगवेगळी पाठ करतात. उपसर्ग एकच आहे, ‘इन’. पुढच्या अक्षराशी जुळवून घेताना त्याचा न बदलतो. वर्गात ‘इन्पॉसिबल’ असं भरभर म्हणायला लावा, प येण्याआधीच ओठ मिटतात आणि न चा म होतो. ‘सत्’ आणि ‘जन’ यांचा ‘सज्जन’ होतो, ती संधी याच पोरांना मराठीच्या तासाला कळलेली असते. मग इंग्रजीच्या तासाला ती का वापरू नये?

अंबाजोगाईची_वाचक

गुरुजी, तळमळ पटते, पद्धत पटत नाही. ‘पेड’ म्हणजे पाय शिकवलंत, पेडेस्ट्रियन आणि पेडल जमलं. आता पोरगं पेडियाट्रिशियन हा पायाचा डॉक्टर समजेल. तिथला ‘पेड’ ग्रीक आहे, त्याचा अर्थ मूल. तुमचा ‘इन’ नकाराचा, मग इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं का? टँकरवर तो शब्द लिहिलेला असतो आणि त्याचा अर्थ पेट घेणारं असाच आहे. इनव्हॅल्युएबल म्हणजे बिनकामाचं नव्हे, अनमोल.

संस्कृत व्याकरणवाल्यांनी हे कधीच सांगून ठेवलंय, की उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीनं दुसरीकडे नेतो. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. धातू सगळ्यांत ‘हृ’च, म्हणजे नेणं. त्याचा अर्थ माहीत असून आहार म्हणजे काय ते कळतं का?

आणि रोजची इंग्रजी लॅटिनवर चालतच नाही. गेट, पुट, टेक, गिव्ह हे जुने आखूड शब्द, आणि त्यांची पुट ऑफ (पुढे ढकलणं), गिव्ह अप (सोडून देणं), टेक आफ्टर (कुणाच्या वळणावर जाणं) अशी जोडकामं. ती फोडून काही हाती लागत नाही. पोरांच्या हाती सोप्या गोष्टींची पुस्तकं द्या.

लातूर_नीट

जीवशास्त्राच्या पोरांना विचारा. ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘हेपॅट’ म्हणजे यकृत, झाला हिपॅटायटिस. ‘नेफ्र’ म्हणजे मूत्रपिंड, झाला नेफ्रायटिस. हायपरग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर वाढलेली, हायपोग्लायसेमिया म्हणजे घटलेली, फरक दोन अक्षरांचा. मराठी माध्यमातून अकरावीला येणारी पोरं इथंच अडखळायलेत. त्यांना गोष्टी वाचायला वेळ कुठून आणायचा?

बीडकर

आपल्याला ही पद्धत काही नवी नाही. निजामाचं राज्य 1948 ला गेलं, फारसी-उर्दूचे तुकडे मात्र बोलण्यात राहिले. बेकायदा, गैरहजर, नालायक, फौजदार, दवाखाना. ‘नापास’ बघा, ‘ना’ फारसी आणि ‘पास’ इंग्रजी. आपल्या माणसांनीच जोडला. पोराला तुकडे जोडता येतात, गुरुजींचं बरोबर आहे.

अंबाजोगाईची_वाचक

बीडकर, तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. ‘ना’ म्हणजे नाही, हे त्या पोराला कुणी फळ्यावर शिकवलं? नापास, नालायक, नाराज कानावर पडत गेले आणि त्याचं त्याला उमगलं. आधी शब्द ढीगभर, मग त्यातला नियम.

लातूरकरांचं मान्य. शास्त्राच्या संज्ञा ठरवून, तुकडे जोडूनच घडवलेल्या असतात, म्हणून तिथं धातू दगा देत नाहीत. तेवढ्यावरून आठवीच्या भाषेचा तास ठरवू नका.

जिंतूरकर_गुरुजी

ताई, ‘नापास’ दिवसभर कानावर पडतो. इंग्रजी आमच्या गावात कुणाच्या कानावर पडते? सरकारनं 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आणली, पण घरी, शेतात, एसटीत ती नाहीच. ज्या पोराच्या कानावर पडत नाही, त्याला नियम हातात द्यावाच लागतो. शहरातल्या पोराचं त्याशिवाय भागेल, आमच्याचं नाही.

पेडियाट्रिशियनचा मुद्दा घेतो. फसवे शब्द तक्त्यावर वेगळ्या रंगानं लिहीन, इन्फ्लेमेबल सगळ्यात वर. धातू मोजकेच घेईन: पोर्ट, स्पेक्ट, डिक्ट, स्क्राइब, टेली, ग्राफ. पण आठवीतच.

अंबाजोगाईची_वाचक

मग परीक्षा तक्त्यावर घेऊ नका. अनोळखी उतारा द्या, त्यात ट्रान्सपोर्टही असू द्या आणि पुट ऑफही. पोरगं कशावर अडतं ते इथं लिहा, मग पुढचं बोलू.