कॅनडाच्या उत्तरेतली लेबर रिलेशन्सची नोकरी

वर कोणीतरी लिहिलंय की चाकणला युनियन हँडल केली असेल तर कॅनडाच्या उत्तरेत सरकारी लेबर रिलेशन्सची डायरेक्टरकी सहज जमेल. मला नाही पटत. तिकडे घर हाच मोठा वाद असतो हो. नुनावुत या उत्तरेतल्या प्रदेशाची राजधानी इकालुइत, तिथे घरांची जाम टंचाई, बऱ्याच सरकारी नोकरांना स्टाफ हाउसिंग, म्हणजे नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परपण जातं, मग साधी शिस्तभंगाची केस किती चिघळत असेल बघा. वर नुनावुत करारातलं (इनुइट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, आणि सरकार यांच्यातला जमीन-हक्कांचा करार) कलम 23, त्यात सरकारी नोकऱ्यांत इनुइटांचं प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणाइतकं, साधारण 85 टक्के हवं, आणि आकडा कित्येक वर्षं निम्म्याच्याच आसपास अडकलेला. त्यातून वरच्या खुर्च्यांवर दक्षिणेतून आलेले लोक. तुम्हीपण त्यातलेच असणार, हे डोक्यात ठेवूनच जा.

शेजारच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये तर सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनचा करार 2016 मध्ये संपला आणि फेब्रुवारी 2019 मध्ये संप अगदी दारात आला, तेव्हा कुठे मध्यस्थ विन्स रेडी यांच्या शिफारशी बंधनकारक मानायच्या असं ठरून तो टळला. तीन वर्षं! आणि तिथली राजधानी यलोनाइफची वस्ती वीसेक हजार, ज्याच्याशी दुपारी भांडलात तोच संध्याकाळी किराण्याच्या लायनीत पुढे उभा.

इंटरव्ह्यूत पगार, नॉर्दर्न अलाउन्स (उत्तरेत राहण्याचा जादा भत्ता) विचाराच, पण किती ग्रीव्हन्स (कर्मचाऱ्यांच्या, युनियनच्या औपचारिक तक्रारी) पेंडिंग आहेत आणि टीममधल्या किती पोस्ट रिकाम्या आहेत ते आधी विचारा.