नाशिकहून केळव्याला २६ जण: किनाऱ्याला आणि गावाला त्रास न देता दोन दिवस कसे आखावेत?

इंदिरानगर_सहल

सोसायटीतले २६ जण शनिवार-रविवार केळव्याला जात आहोत. त्यात दहा वर्षांखालची सात मुलं आणि चार ज्येष्ठ. मिनीबस ठरली आहे. रस्ता त्र्यंबक–मोखाडा–जव्हार–विक्रमगड–मनोर–पालघर. मुक्काम गावातच, घरगुती सोयीत. डिसेंबर आहे. शनिवारी दशमी, रविवारी एकादशी येते.

पाण्यात कधी उतरावं आणि कधी नाही? शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी दहाला अशा दोन वेळा ठरवल्या आहेत. २६ जणांचा कचरा कसा आवरायचा? बस वाळूपर्यंत नेता येते असं एकजण म्हणतो, ते खरं का? आमच्यातल्या बहुतेकांचं पोहणं गंगेवरचं (म्हणजे गोदावरीतलं) किंवा तरणतलावातलं आहे, समुद्राची सवय कुणालाच नाही. माहीतगारांनी सविस्तर सांगावं.

---

पाऊणपट

ताई, तुम्ही तिथी दिलीत हे फार चांगलं केलंत, कारण वेळापत्रक घड्याळावर न ठरता तिथीवर ठरतं. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. दशमी म्हणजे १० × पाऊण = साडेसात. सकाळी साडेसातला भरती, त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, म्हणजे पावणेदोनला ओहोटी पूर्ण, आणि रात्री आठच्या सुमारास पुन्हा भरती. एकादशीला सव्वाआठ, ओहोटी अडीचच्या आसपास. वद्य पक्षातही प्रतिपदेपासूनच मोजायचं. हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने, कधी तासाभरानेही चुकतो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी भरतीचं छापील किंवा मोबाइलवरचं वेळापत्रक बघाच आणि पोचल्यावर गावातल्या माणसाला विचारा.

आता वेग. पाणी सहा तास सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि एक. उधाणाच्या दिवसांत चढ चार मीटर धरला तर तिसऱ्या एका तासात पाणी मीटरभर उंच होतं. शंभर मीटर चालल्यावर एक मीटर उतार इतक्या सपाट पुळणीवर पाण्याची कड त्या एका तासात शंभर मीटर आत येते. दशमीला चढ यापेक्षा कमी असेल, कारण अष्टमीचा भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, नुकताच होऊन गेलेला असतो. घाई मात्र तिसऱ्या-चौथ्या तासातच, हे बदलत नाही.

आणखी एक. अशा पुळणीवर वाळूचे लांब उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खोलगट पट्टे असतात. ओहोटीला माणसं उंचवट्यावर पुढे चालत जातात आणि भरती सुरू झाली की पाणी आधी मागच्या खोलगट पट्ट्यात शिरतं. समोर समुद्र अजून लांब दिसतो, पाठीमागे मात्र मुलांच्या कमरेएवढं पाणी भरलेलं असतं. म्हणून फिरताना दर दहा मिनिटांनी एका मोठ्या माणसाने मागे वळून बघायचं, हे काम नाव घेऊन नेमून द्या.

तुमच्या दोन वेळांपैकी रविवारची रद्द करा. सव्वाआठला भरती संपली की पाणी मागे हटायला लागतं आणि सव्वादहा ते सव्वाबारा हा ते सगळ्यात जोराने जाण्याचा काळ. नवख्यांनी आणि मुलांनी तेव्हा पाण्यात असूच नये. शनिवारी सहाला नाशिक सोडलंत तर घाट धरून साडेदहा-अकरापर्यंत पोचाल. जेवण लवकर उरका, अडीच ते साडेचार पाण्याशी खेळा, पाचला सगळे बाहेर. डिसेंबरात सूर्य सहा वाजून गेल्यावर लगेच मावळतो आणि तोवर भरती बरीच चढलेली असते, पुळण अरुंद होत जाते. सूर्यास्त कोरड्या वाळूवरून बघा.

---

ओढ_ओळखा

वरचं वेळापत्रक बरोबर आहे. त्यात एवढीच भर की भरतीतही ओढ, म्हणजे समुद्राकडे खेचणारा प्रवाह, असते.

रामकुंडावर किंवा तलावात पोहणाऱ्याचा समज असा होतो की पाणी शांत दिसतं तिथे उतरावं. समुद्रात नेमकं उलटं. लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी कुठून तरी परत जाणारच. ते वाळूतल्या खोल चरातून एकवटून जातं. चर खोल असल्यामुळे तिथे लाट फुटत नाही, म्हणून ती जागा दोन्ही बाजूंपेक्षा संथ, गढूळ दिसते आणि फेस, काटक्या समुद्राकडे वाहताना दिसतात. पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटं उंचावर उभं राहून ही जागा शोधा आणि तिच्यापासून लांब राहा. खाडीच्या मुखाजवळ, म्हणजे केळव्याला दक्षिणेकडे दांड्याच्या बाजूला, ओहोटीचा जोर वेगळाच असतो. तिकडे पाण्यात जाऊ नये.

ओढीत सापडलेला माणूस किनाऱ्याकडे सरळ पोहायला लागतो आणि दमून बुडतो. प्रवाह अरुंद असतो, म्हणून किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्याच्या बाहेर पडायचं आणि मग लाटांबरोबर तिरपं परतायचं. पोहता येत नसेल तर उताणं तरंगून एक हात वर करायचा. हे बसमध्येच सगळ्यांना दोनदा समजावून सांगा. वाळूवर उतरल्यावर कुणी ऐकत नाही.

मुलांना गुडघ्याच्या वर पाणी नाही आणि दोन मुलांमागे एक मोठं माणूस, हात पुरेल इतक्या अंतरावर. मोबाइल त्याच्या खिशात नको. जीवरक्षक उभे असतील त्यांच्या समोरच उतरा. दारू घेतलेल्याने पाण्यात जायचं नाही, इथे सवलत नको.

बरोबर वीस मीटर नायलॉन दोरी आणि झाकण घट्ट बसणारा पाच लिटरचा रिकामा कॅन ठेवा. दोरी कॅनच्या मुठीला बांधा, तळाशी पेलाभर पाणी ठेवा म्हणजे फेकताना वाऱ्याने भरकटत नाही. बुडणाऱ्याकडे कॅन फेकायचा, माणूस नाही. एकाला वाचवायला दुसरा उडी मारतो आणि दोघं जातात. बाहेर काढलेल्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास आणि छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब, तोवर दुसऱ्याने १०८ लावायचा. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यायचंच, फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं. पोलिसांसाठी ११२, समुद्रात अडकलेल्यासाठी तटरक्षक दल १५५४.

---

घंटागाडी_सोमवार

कचऱ्याचं सांगते. नियम एकच ठेवा: नाशिकहून नेलेली प्रत्येक वस्तू नाशिकलाच परत. गावातला कचरापेटीचा डबा तिथल्या लोकांपुरता असतो. शनिवार-रविवारी तो दुपारीच भरतो, मग वारा आणि कुत्री तो पुळणीवर पसरवतात.

आधी आत येणारंच कमी करा. माणशी रोज तीन लिटर धरलं तर २६ जणांना एका दिवसाला ७८ लिटर, म्हणजे २० लिटरचे चार जार. दुसऱ्या दिवशी मुक्कामी भरून घ्या, आधी बोलून ठेवा. प्रत्येकाची स्वतःची बाटली, ताट आणि पेला. एवढ्यानेच शंभराच्या वर बाटल्या वाचतात. चिवडा, शेव, फरसाण मोठ्या डब्यांतून न्या, छोट्या पुड्या नकोत. पुडीचा फाडलेला कोपरा हा किनाऱ्यावर हमखास राहून जाणारा कचरा. तो चिमटीतून सुटतो आणि वाळूत दिसत नाही.

तीन गोण्या घ्या. एकीत सुका कचरा, दुसरीत जाड पिशवी घालून डायपर आणि सॅनिटरी पॅड, तिसरीत काचा आणि पत्र्याचं. ओल्यासाठी झाकणाचा डबा, तळाला वर्तमानपत्र. मक्याची कणसं, शहाळी, सालं "कुजतात" म्हणून वाळूत पुरू नका. वाळूत ती लवकर कुजत नाहीत आणि पुढची भरती उकरून वर आणते. उष्टं टाकलं की कुत्री आणि कावळे वाढतात आणि किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची, कासवांची अंडी तेच खातात. हिवाळ्यात येणाऱ्या कुरव पक्ष्यांना शेव-गाठी घालायची हौस असते, तीही टाळा. नारळ, हार, निर्माल्य समुद्रात सोडू नका. सोमवारी घंटागाडीत ओलं-सुकं वेगळं द्या.

जाताना त्र्यंबक-मोखाड्याच्या घाटात खिडकीतून काही फेकलं तरी ते समुद्रातच जातं, हे मुलांना नकाशावर दाखवा. गोदावरी पूर्वेला जाते म्हणून आपल्याला वाटतं आपला कचरा अरबी समुद्रात जाणार नाही. पण त्र्यंबकच्याच डोंगरांतून निघणारी वैतरणा पश्चिमेला वाहते आणि पालघर-वसईच्या मधे समुद्राला मिळते. ज्या पाण्यात पोरं खेळणार आहेत तेच ते.

---

इंदिरानगर_सहल

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारची वेळ रद्द केली. मग सकाळी काय करता येईल? आणि बसचं राहिलं. मुलांना शंख-शिंपले गोळा करायचे आहेत, रात्री शेकोटी करायची आहे, त्याबद्दलही सांगा.

---

वाडीतला

बस वाळूवर अजिबात नको. बंदी असतेच, शिवाय कारण समजून घ्या. भरतीच्या रेषेवरची कोरडी वाळू मोकळी असते, चाक फिरलं की खोलच जातं. खालची ओली वाळू टणक वाटते, पण वजन एका जागी उभं राहिलं की खालचं पाणी वर येतं, वाळू पातळ होते आणि चाकं अॅक्सलपर्यंत बसतात. मग भरती. खारं पाणी ब्रेक आणि वायरिंगमध्ये गेलं की दुरुस्तीला अंत नाही. चाकांखाली खेकड्यांची बिळं जातात ती वेगळीच. बस गावातल्या वाहनतळावर लावा. सुरूच्या बनातही नको, मुळांजवळची वाळू दाबली जाते. आणि होड्या ओढायच्या वाटेवर तर कधीच नको.

आमच्या भागात जाळी वाळूवर पसरलेली दिसतील. ओलांडायची नाहीत, वळसा घ्यायचा. मासळी वाळत घातलेली असते, बोंबील वलांडीवर (वाळवायच्या आडव्या दांड्यांवर) टांगलेले असतात. ते कुणाचं तरी वर्षभराचं उत्पन्न आहे. हात लावू नका, खाली उभे राहून वेफर्स खाऊ नका. मासळी वाळवणाऱ्या मावश्यांचा फोटो काढायचा तर आधी विचारा, नाही म्हणाल्या तर विषय संपला. शीतलादेवीच्या देवळात ओल्या कपड्यांनी जाऊ नका.

मासे मागताना हाताच्या पंजाएवढंही नसलेलं पापलेट मागू नका. राज्यमासा म्हणून २०२३ मध्ये जाहीर झालेला हा मासा, पिल्लंच खाल्ली तर पुढे राहणार कुठून? बोंबील, मांदेली, बांगडा मागा. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, हे पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवा.

गोड्या पाण्याची जपणूक करा. किनाऱ्यालगतच्या विहिरींतून जास्त उपसा झाला की खारं पाणी आत सरकतं, आणि पानवेलींच्या वाड्या त्याच पाण्यावर आहेत. अंगाची वाळू आधी कोरडी झाडा, मग माणशी एक बादली.

रविवारी सकाळी आठ ते दहा पुळणीवरून कोरडं चाला, मग पानवाड्या आणि शेजारच्या माहीम गावाची बाजू बघा. वाडीत विचारल्याशिवाय शिरायचं नाही.

---

पाकट_सावध

शिंपल्यांबद्दल: उचललेला शंख पाच मिनिटं ओल्या वाळूवर उपडा ठेवून बघा. आत खेकडा असेल तर चालायला लागेल. जिवंत काही नाही असं वाटलं तरी मुलामागे एक-दोन पुरेत, रिकामा शंख हेच त्या खेकड्याचं पुढचं घर असतं. काही जातींच्या शंखांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून मोठे, चकचकीत शंख विकतसुद्धा घेऊ नका.

गढूळ उथळ पाण्यात पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) वाळूत दबून बसतं. पाय उचलून टाकू नका, घासत सरकवा, म्हणजे ते आधीच निघून जातं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवा आणि डॉक्टरांकडे न्या, काटा स्वतः उपटू नका. जेलीफिश लागली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागे चिमट्याने काढा. गोडं पाणी आणि वाळूने चोळणं, दोन्हींनी जळजळ वाढते. पायाला डांबराचे गोळे चिकटले तर रॉकेल नको, खोबरेल चोळून कापडाने पुसा, आणि ते कापड गोणीत. जखमी कासव दिसलं तर पाण्यात ढकलू नका. सावली करा, गर्दी हटवा, वनविभागाला १९२६ वर कळवा. डहाणूत कासवांच्या उपचाराचं केंद्र आहे.

---

वाडीतला

शेकोटीचं राहिलं. सुरूच्या बनात आणि त्याच्या पन्नास पावलांत आग नाही. सुईसारखी वाळलेली पानं वाऱ्याने क्षणात पेटतात. घरमालक परवानगी देईल तर त्याच्याच अंगणात, पत्र्याच्या घमेल्यात, विकत घेतलेल्या लाकडावर करा. वाळूवर केलेली शेकोटी लोक वाळू ओढून झाकतात, तेच सगळ्यात वाईट. खाली निखारे कित्येक तास तापलेले राहतात, वरून काहीच दिसत नाही आणि सकाळी अनवाणी चालणाऱ्याचा पाय भाजतो. घमेल्यातली शेकोटीसुद्धा दोन बादल्या पाणी ओतून, काठीने ढवळून, राख हाताला गार लागेपर्यंत सोडू नका. त्यासाठी समुद्राचं पाणी संध्याकाळीच, पाचच्या आत, भरून ठेवा. अंधारात बादली घेऊन भरतीकडे कुणी जायचं नाही.