डब्ल्यूचे जुने इंग्रजी शब्द लक्षात कसे ठेवायचे?

नेरची विद्यार्थिनी:
मी बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेतलंय. गावात या विषयाची मी एकटीच, म्हणून इथं विचारते. आजोबांच्या पेटीत जाडजूड डिक्शनरी सापडली. पुढची पानं वाळवीनं खाल्लेली, शेवटची शाबूत, म्हणून डब्ल्यूपासूनच सुरुवात केली. रोजचे शब्द जमतात, जुन्यांशी अडते. ‘व्हेअरफोर’चा अर्थ पेपरात ‘कुठे’ लिहिला आणि मार्क गेले. व्हेन्स आणि व्हिदर यांत काय फरक? वॅक्स म्हणजे मेण, मग चंद्र वॅक्स कसा होतो? आणि ‘वेन’ तर दोन दिसतात, स्पेलिंग वेगळं, उच्चार एकच.

निवृत्त शिक्षक, दारव्हा:
पोरी, घरी तू ‘काहून रडते?’ म्हणतेस ना? व्हेअरफोर म्हणजे तेच काहून. त्यातला व्हेअर ठिकाणाचा नाही, ‘काय’चा आहे. कशासाठी, कोणत्या कारणानं.

बाकीचे दोघं आपल्या रोजच्या तोंडातले. बैलबाजारात माणूस भेटला की आपण विचारतो, ‘कुठून आले भाऊ?’ हा व्हेन्स. ‘कुकडे चालले?’ हा व्हिदर. ‘घर कुठी हाये?’ हा व्हेअर. इंग्रजीत व्हेअरनं हळूहळू तिघांचंही काम अंगावर घेतलं आणि हे दोघं पुस्तकात जाऊन बसले. आपण मात्र तिन्ही अजून वेगळे बोलतो. एच आणि टीची भावंडं सोबत घे, म्हणजे घर पूर्ण होतं: हिदर इकडे, दिदर तिकडे, व्हिदर कुकडे, हेन्स इथून, देन्स तिथून, व्हेन्स कुठून. मी वर्गात हे मोठ्यानं म्हणून घ्यायचो, पोरं विसरत नसत. ‘फ्रॉम व्हेन्स’ असंही वाचनात येईल, पण ‘ऊन’ व्हेन्सच्या पोटातच आहे. पेपरात नुसतं व्हेन्स लिही.

चंद्राचा वॅक्स म्हणजे वाढणं. मेणाशी त्याचं काही नाही. अमावस्येपासून पौर्णिमेपर्यंत वॅक्स, पुढं घटत जातो तो वेन, डब्ल्यू-ए-एन-ई.

दस्तलेखक:
जुन्या इंग्रजी खरेदीखतांचं मराठी करण्यात माझी बरीच वर्षं गेली. ‘व्हेअरॲज’ आलं की ‘ज्याअर्थी’ आणि खाली ‘नाऊ देअरफोर’ आलं की ‘त्याअर्थी’. सरकारी आदेशांत ही जोडी आजही दिसते. दुसरा शब्द ‘विटनेसेथ’. त्यातलं शेवटचं ‘एथ’ म्हणजे आताचा एस: हा दस्त साक्ष देतो. हॅथ म्हणजे हॅज, डथ म्हणजे डज, गोएथ म्हणजे गोज. एवढं कळलं की अर्धं जुनं इंग्रजी वाचता येतं.

वणीची लेक:
दुसरा वेन, डब्ल्यू-ए-आय-एन, म्हणजे आपली बंडी! माझे वडील बंड्या घडवायचे. लाल तापलेली लोखंडी धाव चाकावर चढली की मी भराभर पाणी ओतायची. लाकूड चरचरायचं, धाव आवळून बसायची. इंग्रजीत अशा कारागिराला वेनराइट म्हणतात. राइट म्हणजे घडवणारा. नाटककाराच्या ‘प्लेराइट’मधेही हाच डब्ल्यू-आर-आय-जी-एच-टी आहे, लिहिण्याचा राइट नव्हे. नाटकही घडवावंच लागतं ना! आणि वेन हा संस्कृत ‘वह्’चा, म्हणजे आपल्या ‘वाहन’चा सख्खा नातेवाईक. विडो आणि विधवा यांचंही मूळ असंच एक. इंग्लंडात सप्तर्षीला ‘चार्ल्सेस वेन’, म्हणजे चार्ल्सची बंडी म्हणत.

नेरची विद्यार्थिनी:
ताई, रात्री आजीला अंगणात आणून हे दाखवलं. ती सप्तर्षीला म्हातारीचं खाटलं म्हणते, चार खूर अन् तीन चोर. बंडीचं ऐकून ती बराच वेळ वर पाहत होती, मग म्हणाली, ‘हो वं, धुरा दिसते.’

सर, एकच राहिला: वोन्ट.

निवृत्त शिक्षक, दारव्हा:
सवय, शिरस्ता. ‘ॲज वॉज हिज वोन्ट’, म्हणजे नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे. स्पेलिंगमधे ए आला तर ‘पाहिजे’ होईल, अपॉस्ट्रॉफी पडली तर ‘करणार नाही’ होईल. डब्ल्यू-ओ-एन-टी, तेवढं जपून लिही.