संध्याकाळच्या मालिका, आईचा फोन आणि चौथीतली मुलगी: घरात नेमके काय बदलावे?

जाई_नाशिक

आमच्या घरात मी, माझे यजमान, सासूबाई आणि चौथीत शिकणारी मुलगी अशी चार माणसे आहोत. आम्ही दोघेही नोकरीला जातो. मुलगी शाळेतून आली की आजीजवळ असते आणि संध्याकाळी सातपासून साडेनऊपर्यंत दिवाणखान्यात आजीच्या मालिका चालू असतात. मुलगी टीव्हीसमोर ठाण मांडून बसते असे नाही. ती तिथेच गृहपाठ करते, चित्रे रंगवते, पण तिचे कान तिकडे असतात. जेवणे आटोपली की ती माझा फोन मागते आणि मेकअपचे, केशरचनेचे, 'आज मी लग्नाला कशी तयार झाले' अशा धर्तीचे छोटे व्हिडिओ एकामागून एक पाहते.

गेल्या महिन्यात शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यासाठी मुलांकडून नावे मागवली होती. तिला अभिनयाची आवड आहे, पाठांतरही चांगले आहे, तरी राजकन्येच्या भूमिकेसाठी तिने नाव दिले नाही. कारण विचारल्यावर चित्रातून मान वर न काढता ती म्हणाली, "राजकन्या गोरी असते ना गं. मी दासी होणार आहे. दासीलापण तीन वाक्यं आहेत." तिच्या स्वरात दुःख नव्हते, तक्रारही नव्हती, आणि मला नेमके तेच खटकले. आमच्या घरात तिच्या रंगावरून कोणी कधी बोललेले नाही.

हे पडद्यामुळे झाले असे म्हणणे बरोबर आहे का, की मी सोयीचा आरोपी शोधते आहे? आणि तसे असेल, तर दिवसभर माझे मूल सांभाळणाऱ्या सासूबाईंची एकुलती एक करमणूक हिरावून न घेता काय करता येईल? यजमानांचे म्हणणे असे की, आपणही हेच पाहत मोठे झालो, आपले काय बिघडले?

नदीकाठ

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

तुमच्या यजमानांच्या प्रश्नाचे उत्तर वर्तमानपत्रांतल्या वधू-वर जाहिरातींत सापडेल. 'गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष' ही विशेषणे मालिकांच्या कितीतरी आधीची आहेत, तेव्हा रंगाचे वेड टीव्हीने जन्माला घातले असे म्हणता येणार नाही. टीव्हीने त्याचा रोजचा रतीब सुरू केला. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली आणि पुढे कित्येक वर्षे अशा क्रीमच्या जाहिरातींत सावळ्या मुलीला नोकरी नाही, स्थळ नाही, आणि रंग उजळला की दोन्ही मिळते, एवढीच गोष्ट सांगितली गेली. सावळी व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा लग्नाच्या व नोकरीच्या बाजारात मागे पडलेली दाखवू नये, अशी सूचना जाहिरात क्षेत्राच्याच 'अ‍ॅस्की' या स्वयंनियमन संस्थेने २०१४ मध्ये काढली. २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. नायिका निवडण्याची रीत मात्र फारशी बदललेली नाही. सावळ्या नायिकेची मालिका काढायची, तर सावळेपणा हाच कथेचा विषय होतो आणि त्यासाठीही उजळ अभिनेत्रीला गडद मेकअप केला जातो. तुमच्या मुलीने कोणाचा टोमणा ऐकलेला नसेल. भूमिकावाटप मात्र ती रोज पाहत आली आहे आणि त्याचा नियम तिने अचूक ओळखला आहे.

पडद्याचा परिणाम खरोखर वेगळा काढून दाखवता येतो का, याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण फिजीचे आहे. तिथल्या नाद्रोगा प्रांतात १९९५ मध्ये टीव्ही पोहोचला. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये किशोरवयीन शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याच्या सवयी बिघडल्याची ठळक लक्षणे असलेल्या मुलींचे प्रमाण या तीन वर्षांत १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले होते. भरलेले अंग हे जिथे सुबत्तेचे लक्षण मानले जात असे, तिथल्या मुली बारीक होण्याची धडपड करू लागल्या होत्या. पाहणी लहान होती, दोन्ही वेळी साठ-पासष्टच मुली होत्या आणि त्याही वेगवेगळ्या, म्हणून एवढ्यावर सगळा दोष टीव्हीला देणे मी टाळेन. पण निष्कर्ष दुर्लक्ष करण्यासारखाही नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती सांगितल्याशिवाय तुमच्या सासूबाईंवर अन्याय होईल. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्याच देशातला आहे आणि त्यात गोव्यातली गावेही होती. गावात केबल आल्यावर, नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे असे मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, घरातल्या निर्णयांत स्त्रियांचा शब्द वाढला. या स्त्रिया काही प्रबोधनपर माहितीपट पाहत नव्हत्या. शहरातल्या सासू-सुनांच्या मालिकाच पाहत होत्या! त्या मालिकांत बायका कारस्थाने करत असतीलही, पण त्या घराबाहेर जात होत्या, शिकलेल्या होत्या, उलट उत्तरे देत होत्या.

म्हणून मालिका चांगल्या की वाईट या वादात मी फारशी शिरत नाही. मुलाबरोबर गप्प बसून पाहिले, की मोठ्यांना हे मान्य आहे असा अर्थ मूल काढते. त्याच दृश्यावर कोणी मोठ्याने दोन शब्द बोलले, तर त्याचे वजन उतरते. वर्गात मी मुलींना एक काम देते: कोणत्याही कौटुंबिक मालिकेचे आठवडाभराचे भाग पाहायचे आणि नायिका स्वतः जेवायला बसलेली किती वेळा दिसते ते मोजायचे. वाढताना ती सतत दिसते. हा खेळ चौथीतल्या मुलीलाही जमेल, आणि आजीसोबत जास्त रंगेल.

माईआजी

मी सत्तरी ओलांडलेली आहे, मालिका पाहते आणि सासूही आहे, म्हणून थोडे लिहिते. आम्हांला काही कळत नाही अशा समजुतीने घरातली तरुण मंडळी बोलतात, ते बरे नव्हे. खलनायिका भरजरी शालू नेसून रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात विष कालवते, हे पाहून आम्हीही हसतोच. पाहतो ते माणसांचा आवाज हवा म्हणून. दुपारी तीन ते सात घर किती गप्प असते, ते नोकरीवर असणाऱ्यांना कसे समजणार.

जाई, सासूबाईंना "मुलीवर परिणाम होतो, बंद करा" असे सांगू नकोस. दासी आणि राजकन्येची गोष्ट त्यांना जशीच्या तशी सांग. नातीच्या तोंडचे वाक्य ऐकल्यावर कोणतीही आजी स्वस्थ बसणार नाही. मला विचारशील तर नाटुकल्यात नाव घालायला पहिल्यांदा त्याच शाळेत जातील.

कडेगावकर

सांगली जिल्ह्यात आमच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाविषयी अनेकांनी वाचले असेल. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, मुले अभ्यासाला बसतात आणि साडेआठला पुन्हा भोंगा वाजतो. करोनाकाळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हातात गेलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, हे त्यामागचे कारण होते. कल्पना पहिल्यांदा मांडली तेव्हा पुरुष मंडळींनी ती हसण्यावारी नेली. ती उचलून धरली महिलांच्या ग्रामसभेने. मग आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरण्यावरच बंदी घालण्याचा ठराव केला. दोन्हींचा हेतू एकच, पण मला वडगावची रीत अधिक पटते, कारण तिथे मोठ्यांचाही टीव्ही बंद होतो. एकट्या मुलाला हुकूम सोडून स्वतः पडद्याला चिकटून बसायचे, हे मुलांना बरोबर कळते. शहरातल्या सदनिकेत भोंगा वाजवणे शक्य नाही (शेजारी पोलिसांना बोलावतील), तरी घरापुरती ठरलेली, सर्वांना लागू असलेली वेळ ठेवता येते. मालिकांचे पुनःप्रक्षेपण दुपारी असते. आजींना त्या वेळी पाहणे जमत असेल तर प्रश्न बराचसा सुटतो.

तारायंत्र

वरची चर्चा टीव्हीभोवती फिरते आहे. मला फोनची जास्त काळजी वाटते. मुलांसाठी नियम नाहीत असे नाही, पण ते जवळजवळ सगळे 'मुलांचा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मजकुराभोवती आखलेले आहेत. केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चिप्स, शीतपेये यांसारख्या खाद्यपदार्थांची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात किंवा मुलांच्या वाहिनीवर करता येत नाही. आजीच्या मालिकेच्या मध्यंतराला ते बंधन नाही. ओटीटी मंचांना २०२१ च्या नियमांनुसार यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए अशी वर्गवारी दाखवावी लागते आणि १३+ पासून पुढे पालकांसाठी कुलपाची सोय द्यावी लागते. टीव्हीवरच्या मालिकेला चित्रपटासारखे पूर्वप्रमाणपत्र लागत नाही. आपल्या घरांतली मुले मात्र मुलांचे कार्यक्रम कमी आणि मोठ्यांचे जास्त पाहतात.

फोनच्या बाबतीत ही फट आणखी रुंदावते. खाते जाईताईंच्या नावावर आहे, म्हणजे त्या मंचाच्या लेखी मेकअपचे व्हिडिओ पाहणारी ही एक प्रौढ स्त्री आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तींवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे, पण पडद्यामागे मूल आहे हे त्यांना कळलेच नाही, तर ते कलम कोणाला लागू होणार? चार व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले की पाचवा त्याच पठडीतला येतो आणि रंग उजळवणारे फिल्टर तर कॅमेऱ्यातच बसवलेले असतात, त्यामुळे आपण पाहतो तो चेहरा तसा कोणाचाच नसतो, हे मुलीला दाखवायला हवे. तिच्यासमोर तुमच्याच चेहऱ्यावर फिल्टर लावा आणि काढा. व्याख्यानापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

तिचे पाहणे तुमच्या खात्यावरून काढा. यूट्यूबवर पालकांच्या देखरेखीखालचे वेगळे खाते उघडता येते. त्यात आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय बंद करा. तुमच्या स्वतःच्या खात्यातला पाहण्याचा इतिहास पुसून टाका, नाहीतर जुन्याच शिफारशी येत राहतील. इन्स्टाग्रामच्या अटींनुसार तेरा वर्षांखाली खाते चालत नाही, म्हणून तिथले रील तिला पाहू देऊ नयेत असे माझे मत आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांहून कमी पडदा असावा असे सुचवले आहे. तुमच्याकडे नुसत्या पार्श्वभूमीच्या मालिकाच अडीच तास होतात.

आणखी एक. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतली जाहिरातसंहिता सांगते की, स्त्रीचा दबून राहण्याचा, आज्ञाधारकपणाचा गुण ठसवून कुटुंबात व समाजात तिला दुय्यम ठरवणारे चित्रण जाहिरातीत नसावे. हे वाचून कोणतीही मसाल्याची किंवा कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात आठवून पाहा. जाहिरातीविषयी अ‍ॅस्कीकडे आणि मनोरंजन वाहिनीवरच्या कार्यक्रमाविषयी २०११ पासून काम करणाऱ्या बीसीसीसी या परिषदेकडे सामान्य प्रेक्षकाला तक्रार करता येते. वाहिनी, तारीख, वेळ आणि नेमके दृश्य लिहून ठेवलेले असले की काम सोपे होते.

उंबरठा_ओलांडून

सर्वांचे प्रतिसाद उपयुक्त आहेत, पण खाते बदलायचे जाईने, सासूबाईंशी बोलायचे जाईने, तक्रार लिहायची जाईने, असेच चित्र यातून उभे राहते. यजमान "आपले काय बिघडले" म्हणून मोकळे झाले आहेत. ते संध्याकाळी काय पाहतात? चौकटीचौकटींतून एकमेकांवर ओरडणारे बातम्यांचे पाहुणे असतील, तर त्याचाही हिशेब व्हावा. फोनची सेटिंग्ज बदलणे हे काम पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे सोपवावे.

जाई_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. माईआजी, तुमचे तंतोतंत खरे ठरले. सासूबाईंना ते वाक्य सांगितल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मला न विचारता वर्गशिक्षिकांना भेटून आल्या. राजकन्येची भूमिका दुसऱ्या मुलीला दिली गेली आहे. आमची सूत्रधार झाली आहे आणि तिला आता पाठांतराची चिंता आहे.

सातची मालिका दुपारच्या पुनःप्रक्षेपणात पाहायला त्या तयार आहेत, आठची सोडणार नाहीत, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. आठच्या मालिकेतल्या नायिकेच्या जेवणाची मोजणी दोघींनी सुरू केली आहे. एका प्रसंगात नायिकेने चहात बिस्कीट बुडवले, ते धरायचे की नाही यावरून वाद झाला. फोनचे काम यजमानांकडे दिले आहे. त्यांच्या बातम्यांच्या वेळेवर बोलणी अजून चालू आहेत.

सात ते आठ या मोकळ्या झालेल्या तासात तिने काय वाचावे, ते कोणी सुचवेल का?

नदीकाठ

बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. पण तो तास पडद्याविना जावा असे वाटत असेल, तर छापील अंकाची वर्गणी भरा आणि अंक मुलीच्या नावाने मागवा.