टॉवेलच्या स्टॉकसाठी अ‍ॅरे पुरेल का? सल्ला हवा

टॉवेलवाला: नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. माल २०० प्रकारचा. साइज, रंग, शिल्लक नग ठेवायचे. डिप्लोमाला सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलोय, म्हणून अ‍ॅरेचा विचार आहे, म्हणजे एका ओळीत नंबर दिलेली घरं, एका घरात एक नोंद. लॅपटॉप जुना, २ जीबी रॅम. खर्च फार तर ४०० रुपये, तोही पुस्तकाला.

सातरस्ता_जावा: आधी लॅपटॉप बदला. मी दिवाळीत १६ जीबीचा घेतला, नुसता पळतो. आणि सीऐवजी जावा भाषा घ्या, अ‍ॅरेलिस्ट आपोआप वाढते.

नवीपेठ_पायथन: २०० नोंदींना १६ जीबी कशाला? एक इंट, म्हणजे पूर्णांक, ४ बाइटचा, सगळे नग ८०० बाइटात बसले. पायथन भाषेची लिस्ट घ्या. मधली नोंद काढली की मागच्या नोंदी ती स्वतः सरकवते.

जुना_टर्बोवाला: टर्बो सी या सीच्या जुन्या कंपायलरमध्ये, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनात, इंट २ बाइटचाच असतो. ३२७६७ च्या वर आकडा गेला की उणे दाखवतो. टॉवेलचे नग तेवढे सहज होतात, लाँग हा मोठा पूर्णांक घ्या.

यंत्रमाग_सी: टर्बो सोडा हो आता, जीसीसी कंपायलर फुकट आहे. साइज, रंग, नग यांचे तीन वेगळे अ‍ॅरे मात्र करू नका. स्ट्रक्ट करा, म्हणजे एका प्रकाराची सगळी माहिती एकत्र, आणि त्याचा एकच अ‍ॅरे. एका कारखान्यात दुरुस्तीला गेलो होतो, तिथं तिन्हीपैकी फक्त रंगाचा अ‍ॅरे सॉर्ट केलेला, म्हणजे क्रमाने लावलेला. लाल चादरीचे नग निळीवर! तसंच, २०० घरांचा अ‍ॅरे असेल तर शेवटचं घर १९९, कारण मोजणी ० पासून. २०० नंबरच्या घरात लिहिलं तरी सी अडवत नाही, शेजारची मेमरी खराब करून ठेवतो.

सातरस्ता_जावा: जावा अडवते. म्हणून म्हणतोय, १६ जीबी घ्या.

बाळीवेस_खातेवही: लाइट गेली की अ‍ॅरेही गेला, हे कुणीच कसं बोलत नाही? तो रॅममध्ये असतो. प्रत्येक बदल फाइलमध्ये लिहा, नाहीतर सरळ एसक्यूलाइट हा फाइलमध्येच राहणारा छोटा डेटाबेस वापरा.

नवीपेठ_पायथन: तेच सांगतोय, पायथन घ्या. एसक्यूलाइटचं मॉड्यूल सोबतच येतं.

टॉवेलवाला: सगळ्यांचे आभार. सीच घेतोय, जीसीसीवर, आणि तीन वेगळे अ‍ॅरेच ठेवतोय. आमच्या गठ्ठ्यांवर ० ते १९९ नंबर आधीच रंगवलेले आहेत, तोच घराचा नंबर. शोधायचं नाही, सॉर्ट करायचं नाही. प्रकार बंद झाला तर नग शून्य, म्हणजे काही सरकवायलाही नको. खातेवहींचं ऐकून दर बदलाला सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची, फाइल लिहीन, ती वडील एक्सेलमध्ये उघडून बघतील. आता ४०० च्या आतलं पुस्तक सांगा की कुणीतरी.

सातरस्ता_जावा: जावाचं चालेल?