'ब्लेस युअर हार्ट' : अमेरिकेच्या दक्षिणेतील गोड बोलणे आणि त्याच्या आतले बोलणे (अनुभव धागा)

माझी भाची नुकतीच अलाबामातील बर्मिंगहॅम येथे नोकरीला लागली. महिन्याभराचा हिशेब आपण दोन दिवसांत उरकू, असे तिने कचेरीतील एका ज्येष्ठ बाईंना सांगितले. त्यावर बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या हसून म्हणाल्या, "वेल, ब्लेस युअर हार्ट." (शब्दशः 'देव तुझे भले करो', पण पुष्कळदा आतून टोमणा.) भाचीने हे मोठ्या कौतुकाने फोनवर सांगितले आणि मला जॉर्जियातील मेकन गावातली आमची पहिली वर्षे आठवली.

तेथे शेजारी एक आजी राहत असत. साऱ्या गल्लीप्रमाणे आम्हीही त्यांना पहिल्या नावाआधी 'मिस' लावून हाक मारत असू, कारण तेथे आपुलकी आणि आदर हे दोन्ही एकाच हाकेत साधायचे असतात. आपल्या सुनेविषयी बोलताना त्या म्हणत, "तिला बिचारीला साधी बिस्किटे भाजता येत नाहीत, ब्लेस हर हार्ट." शेवटचे तीन शब्द आले की आधी केलेली निंदा जणू निंदा राहतच नसे. पुढे माझे वडील सांगलीला वारले आणि मला वेळेवर पोहोचता आले नाही, तेव्हा याच आजी काचेच्या भांड्यात कॅसरोल (भट्टीत भाजलेला घरगुती पदार्थ) घेऊन दारात उभ्या राहिल्या. भांड्याच्या तळाला त्यांच्या नावाची चिकटपट्टी होती. मला पोटाशी धरून त्या "ओ हनी, ब्लेस युअर हार्ट" एवढेच म्हणाल्या आणि त्यात सांत्वनावाचून दुसरे काहीही नव्हते.

म्हणून 'दक्षिणेत हे शब्द म्हणजे शिवीच' असे जे सर्रास सांगितले जाते, ते मला पटत नाही. आधी कोणते वाक्य आले आणि 'वेल' किती लांबवला, यावर सारे अवलंबून असते. आपापले अनुभव अवश्य लिहावेत.

मोगरा (शार्लट)
आमच्याकडे "वी'ल हॅव टू हॅव यॉल ओव्हर समटाइम" (तुम्हा सर्वांना एकदा घरी बोलवायला हवे) हे वाक्य वरचेवर ऐकू येते. त्यात वार नसेल आणि वेळ नसेल, तर ते आमंत्रण नव्हे. भेट आनंदात झाली, एवढाच त्याचा अर्थ. खरे आमंत्रण "शनिवारी पाच वाजता, आणि काहीही आणू नका" अशा शब्दांत येते. मात्र त्यातल्या 'काहीही आणू नका'वर विसंबून रिकाम्या हाताने जाऊ नये. 'या हो एकदा घरी' ऐकत वाढलेल्या आपल्या माणसांना हे समजायला जड जाऊ नये.

पिंपळपार (ह्यूस्टन)
नव्या घरी सामान उतरत असतानाच शेजाऱ्यांनी "विच चर्च डू यॉल गो टू?" असे विचारले आणि माझी पत्नी फार अस्वस्थ झाली. पुढे लक्षात आले की हा प्रश्न पुष्कळदा आपल्या 'मूळ गाव कोणते?'सारखा असतो, नव्या माणसाला ओळखीच्या कोणत्या घडीत बसवायचे, हे त्यातून शोधले जाते. आम्ही पिअरलँडच्या मीनाक्षी मंदिरात जातो, असे सांगितल्यावर त्यांनी तितक्याच सहजतेने "तिथे जेवण असते का?" असे विचारले. सर्वांचा हेतू असाच निर्मळ असतो असे मी म्हणणार नाही, परंतु पहिल्याच प्रश्नाला दार लावून घेऊ नये.

कडुलिंब (हंट्सव्हिल)
'मिस' या हाकेचा उल्लेख आला, म्हणून तिची दुसरी बाजूही येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. आमच्या प्रयोगशाळेतील एक कृष्णवर्णीय ज्येष्ठ सहकारी कोणालाही केवळ पहिल्या नावाने हाक मारू देत नाहीत. कारण विचारल्यावर त्यांनी मला मेरी हॅमिल्टन यांच्याविषयी सांगितले. १९६३ साली याच अलाबामातील गॅड्सडेन येथील न्यायालयात नागरी हक्क चळवळीच्या कार्यकर्त्या हॅमिल्टन साक्ष देत असताना सरकारी वकिलाने त्यांना नुसते 'मेरी' म्हटले. 'मिस हॅमिल्टन' असे योग्य रीतीने संबोधले जाईपर्यंत उत्तर देणार नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. न्यायाधीशांनी बेअदबीबद्दल त्यांना पाच दिवसांची कैद आणि पन्नास डॉलर दंड ठोठावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६४ साली तेथे ती शिक्षा रद्द झाली. गावकुसाबाहेरच्या म्हाताऱ्याला पाटलाच्या पोराने अरे-तुरे करावे, ही रीत ज्यांच्या आजोबांनी सोसली, त्यांना याहून अधिक काही समजावून सांगावे लागणार नाही. दक्षिणेतील शिष्टाचाराची थोरवी गाताना तो कोणाच्या वाट्याला येत होता आणि कोणाला नाकारला जात होता, हे विसरून चालणार नाही.

मोगरा (शार्लट)
कडुलिंब, हे मला ठाऊक नव्हते. मनापासून आभार. मुलीला आज रात्रीच सांगणार आहे.

सायली (बॅटन रूज)
येथे लुइझियानात तर शाळेतील मुलांनी शिक्षकांना 'मॅम' आणि 'सर' म्हणावे, यासाठी १९९९ साली कायदाच झाला. माझी मुलगी घरीही प्रत्येक वाक्याला "येस मॅम" म्हणते. पुण्याला गेल्यावर तिच्या आजीला याचे अपार कौतुक वाटले. तथापि आई म्हणून मी एवढे शिकले आहे की 'येस मॅम'चा अर्थ 'ऐकले' असा होतो, 'पटले' असा होतोच असे नाही. आवाज जितका मऊ आणि शब्द जितके नेमके, तितका तिचा विरोध तीव्र असतो.

औदुंबर (ॲन आर्बर)
सायली यांनी जे घरात पाहिले, त्याच्याशी मिळतीजुळती गोष्ट आमच्या मिशिगन विद्यापीठात प्रयोगाने दिसून आली होती. रिचर्ड निसबेट आणि डव्ह कोहेन यांनी सहकाऱ्यांसह १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगांत अरुंद बोळातून जाणाऱ्या विद्यार्थ्याला एक जण मुद्दाम धक्का देऊन शिवी हासडत असे. त्यानंतर समोरून सव्वासहा फूट उंचीचा धिप्पाड माणूस चालत येई. ज्यांचा अपमान झालेला नव्हता, असे दक्षिणेकडचे विद्यार्थी सुमारे नऊ फुटांवरूनच अदबीने बाजूला होत, म्हणजे उत्तरेकडच्या विद्यार्थ्यांहूनही आधी. अपमान झालेले मात्र जेमतेम तीन फूट अंतर उरेपर्यंत वाट सोडत नसत. उत्तरेकडच्या विद्यार्थ्यांमध्ये असा फरक जवळपास पडला नाही. मला यातून असे वाटते की तेथील गोड बोलण्याला ढोंग म्हणणे अन्यायाचे आहे. शब्द लागला की प्रकरण हातघाईवर येऊ शकते, हे जाणणारा समाज शब्द जपून वापरणारच.

पिंपळपार (ह्यूस्टन)
अत्यंत उद्बोधक. आमच्याकडे चढा आवाज क्वचितच ऐकू येतो, त्यामागचे एक कारण हेही असावे.

रानजाई (नॅशव्हिल)
मी परिचारिका आहे आणि आमच्या कामात हा आडपडदा धोक्याचा ठरू शकतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. टेनेसीच्या खेड्यांतून येणारे वृद्ध रुग्ण त्रास कधीही सरळ सांगत नाहीत. 'कसे वाटते?' असे विचारले की "फेअर टू मिडलिंग" हे उत्तर ठरलेले. 'मिडलिंग' ही मुळात कापसाची प्रत, म्हणजे प्रकृती मध्यम. "आय फील अ लिटल प्यूनी" असे कोणी म्हणाले, तर तो माणूस चांगलाच आजारी आहे असे समजावे. "डोंट यू ट्रबल युअरसेल्फ, हनी" असे म्हणणाऱ्या आजीकडे मी सर्वांत आधी वळते, कारण आपल्यामुळे दुसऱ्याला उठावे लागणे त्यांना दुखण्याहून अधिक जड वाटते. दुखणे शून्य ते दहामध्ये किती, असे विचारले तर पडेल चेहऱ्याने 'तीन' सांगतात. मग मी हळूच विचारते, "आज सकाळी अंगणातल्या डाक पेटीपर्यंत कोण गेले होते?" रोज स्वतः जाणाऱ्या आजी "आज मुलाला पाठवले" म्हणाल्या, की मी डॉक्टरांना बोलावते. नव्या परिचारिकांनाही मी हेच सांगते की आकडा विचारावा, परंतु काल जमत होते आणि आज जमले नाही असे काय, हे त्याहून आधी विचारावे.